चराचा दुसरा काठ

मांजरीतून खराडीला जायला चांगला डांबरी रस्ता असताना स्पृहा उसाच्या बांधावरून स्कूटर का घालायची, असं कुणीही विचारलं असतं. रस्त्यावर ट्रॅफिक असायचं, आणि पेठेत वाढलेल्या मुलीला दुसऱ्याच्या मागे ताटकळत उभं राहणं जमत नाही, एवढंच कारण होतं. निदान त्या सकाळपर्यंत तरी एवढंच होतं.

श्रावणाचे दिवस. नुकतीच सर येऊन गेलेली, उसाच्या पात्यांवरून पाणी ठिबकत होतं, आणि बांधाच्या वळणावर एक तरुण पालथा पडलेला. पाय वाटेवर, डोकं चरात! स्पृहानं करकचून ब्रेक दाबला.

"अहो... बरं वाटतंय ना तुम्हाला?"

त्यानं मान न वळवता नुसता हात वर केला. "गाडी बंद करा, मॅडम. बाई अंड्यांवर बसल्यात."

तिनं गाडी बंद केली, ओढणी सावरली आणि वाकून पाहिलं. पलीकडच्या काठावर, दाट लव्हाळ्यात, पांढऱ्या छातीची एक पाणकोंबडी ऐटीत बसली होती. मग तो तरुण उठला. नाकावर चिखल, कोपराला चिखल, आणि डोळे मात्र असे स्वच्छ हसरे, की स्पृहाला ऑफिसला उशीर होतोय याचा विसर पडला. आता हे तिनं पुढे कधी कबूल केलं नाही, पण पडला.

त्याचं नाव साई. हे रान त्याच्या वडिलांचं, कोंडीरामांचं. उसातलं जादा पाणी वाहून जावं म्हणून पूर्वी कुणीतरी खोदलेला हा चर पुढे सगळ्यांनी वाऱ्यावर सोडला होता. गाजरगवत माजलं, शेजारच्या सोसायट्यांचा राडारोडा आला, प्लास्टिक आलं. शेतकीची पदवी घेऊन घरी परतलेल्या साईनं एकट्यानं तो उपसायला घेतला. बेडकांना चढता यावं म्हणून काठ उतरता केला, मासे उन्हाळ्यात तगावेत म्हणून मध्ये खोल डोह ठेवला. आता तिथं चतुर भिरभिरत होते, खंड्या येऊन बसत होता, सुगरणींनी बाभळीला घरटी टांगली होती.

कोंडीरामांना हे कौतुक परवडणारं नव्हतं. त्यांना चरात पाइप टाकून वरून माती लोटायची होती, म्हणजे तेवढी जमीन सुटली असती. फार विनवण्या केल्यावर त्यांनी पोराला एक हंगाम दिला होता. यंदा उसात पाणी तुंबलं, तर चर बुजवायचा. बोलणं संपलं.

त्यानंतर स्पृहा रोज बांधावर थांबू लागली. साई कधी तिला बेडकाची अंडी दाखवायचा, कधी खेकड्याचं बीळ. "तुमच्या ऑफिसात काय असतं हो?" असं त्यानं एकदा विचारलं, तेव्हा तिनं एसी असतो म्हणून सांगितलं. "मग इथंच बरं आहे," तो गंभीरपणे म्हणाला, आणि ती दिवसभर स्क्रीनकडे बघून हसत राहिली. एकट्यानं, कुणी शाबासकी न देता, बेडकांसाठी उतार करत बसणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता. त्याचा तिला फार म्हणजे फार अभिमान वाटू लागला होता... जणू तो तिचाच कुणी असावा.

फक्त एक गोष्ट तिला खटकायची. चराचा अलीकडचा काठ कसा नीटनेटका, आणि पलीकडे नुसतं रान माजलेलं. बिचाऱ्याचं अर्धं काम राहिलंय, असं तिनं ठरवूनच टाकलं. अर्धवट काम टाकून उठणं तिच्या पेठेतल्या आळीत पाप समजलं जातं! त्यामुळे पिल्लं बाहेर पडल्यानंतरच्या एका रविवारी, साई मामाकडे फलटणला गेलेला पाहून, तिनं ऑफिसातली मंडळी श्रमदानाला आणली. विळे, खुरपी, हातमोजे, सगळा जामानिमा. दुपारपर्यंत पलीकडचा काठ मुळापासून साफ झाला. तिनं फोटो काढले आणि साईला पाठवले नाहीत. त्याचा चेहरा प्रत्यक्ष बघायचा होता तिला.

सोमवारी तिनं तो पाहिला. साई चराशी उभा होता, उपटलेलं एक मूळ हातात घेऊन.

"मेहनत घेतलीत फार," तो शेवटी म्हणाला.

"पण...?"

पण एका वर्षी एकच काठ साफ करायचा असतो. दुसरा तसाच ठेवायचा, म्हणजे जिवांना जायला जागा राहते, आणि मुळं माती धरून ठेवतात. पुढच्या वर्षी बाजू बदलायची. पाणकोंबडी पिल्लं घेऊन कुठं गेली, ते त्यालाही सांगता येईना. स्पृहाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला हे आधी का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

"कामाचं बोललो की तुम्ही घड्याळ बघता," तो खाली बघत म्हणाला. "म्हणून मी दुसरंच बोलायचो."

ती स्कूटर वळवून निघून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून डांबरी रस्त्यानं जाऊ लागली. कोणत्या तोंडानं जाणार होती बांधावर? ट्रॅफिकमध्ये उभी राहून ती स्वतःलाच बोल लावायची.

मग हस्ताचा पाऊस आला. दोन दिवस नुसता कोसळला. तिसऱ्या सकाळी स्पृहानं रानाशेजारच्या सोसायटीतल्या तिच्या फ्लॅटच्या गॅलरीतून पाहिलं, तर उघडा पडलेला काठ ढासळून चरात बसला होता आणि उसात पाणी चकाकत होतं. तिनं मॅनेजरला आज येत नाही एवढंच कळवलं आणि जिना उतरून धावत सुटली.

बांधावर कोंडीराम छत्री धरून उभे होते. जेसीबीवाल्याला त्यांनी फोन केलेला होता, दुपारी येतो म्हणाला होता तो. साई कमरेएवढ्या गाळात एकटाच फावडं मारत होता. वडिलांशी त्यानं वाद घातला नव्हता आणि तिचं नावही काढलं नव्हतं. तिनं खुरपून काढलेल्या काठाचा दोष त्यानं मुकाट्यानं स्वतःच्या अंगावर घेतला होता. ते पाहून स्पृहाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, चराचा दोष नाही," ती म्हणाली. "पलीकडचं गवत मी काढलं. न विचारता. साईंना माहीतसुद्धा नव्हतं. दुपारपर्यंत पाणी उतरलं, तर चर बुजवू नका, एवढंच मागते."

कोंडीरामांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "ऑफिसातली माणसं तुम्ही. तुमच्यानं व्हायचं हाय का हे?"

तिनं चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि घमेलं उचलून चरात उतरली. साई भरून देई, ती काठावर नेऊन ओती. दोनदा पडली. तळहात सोलले. त्यानं थांबा म्हटलं, तिनं ऐकलं नाही. कितीतरी वेळानं गाळाच्या खालून एक बारीकशी धार सुटली, मग ती रुंदावली, आणि उसातलं पाणी खळखळत चरात उतरू लागलं.

दोघंही धापा टाकत उभी होती. पाऊस भुरभुरत होता.

"हा काठ पुन्हा धरायला दोन पावसाळे जातील," साई म्हणाला.

"मी लव्हाळा लावायला येईन."

"दोन पावसाळे? रोज?" तो थबकला. "स्पृहा... तू खरंच येशील?"

पहिल्यांदाच तू म्हणाला तो. तिनं कपाळावरची बट बाजूला केली, तर तिथंही चिखल लागला.

"मी पाणकोंबडीसाठी थांबत नव्हते रे, साई. म्हणजे पहिल्या दिवशी थांबले असेन. मग तुझ्यासाठी थांबायचे. मला तू आवडतोस. आता तुझं काय ते आत्ताच सांग, कारण माझा पाय रुतलाय आणि नाही म्हणालास तरी मला पळून जाता येणार नाहीये."

साईनं हात पुढे केला. पण तिला वर ओढायचं सोडून तो स्वतःच दोन पावलं खोल उतरला, तिच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, आणि म्हणाला, "माझंही तेच आहे. कधीचंच."

वर बांधावर कोंडीरामांनी उसाकडे पाहिलं. पाणी हटत होतं. मग चराकडे पाहिलं आणि घाईघाईनं पाठ फिरवली. खिशातला फोन वाजत होता. जेसीबीवाला फाट्यावर येऊन वाट विचारत होता.

"परत जा बाबा," कोंडीराम म्हणाले. "न्हाय बुजवायचा चर. माणसं हायेत त्यात."