बावन्न किलोंची वीट

बार्शीच्या फिजिओथेरपी दवाखान्यात वैजयंताबाई खुर्चीवर अर्धीच टेकली होती. कमरेत अशी कळ, की शिंक आली तरी आधी भिंत धरायची.

आठ दिवस तिनं कमरेला मागपट्टा बांधला होता. दिसायला साधा रबरी पट्टा. पण कुठला स्नायू कधी, किती ओझ्यानं ताणला, सगळं टिपतो आणि दुखण्याचा माग काढत मुळापाशी नेतो.

तांबोळी मॅडमनी पडद्यावरची रेघ दाखवली. "विटा उचलता म्हणालात ना, बाई?"

"व्हय की."

"बावन्न किलोंची एकच वीट? दिवसातनं सहा वेळा? आणि ही वीट तुमच्या गळ्यात हात टाकतीय."

बाईनं तोंडाला पदर लावला. "पोरगं हाय माझं. रणजित. पवनचक्कीवरनं पडला, तीन वर्सं झाली. कमरेखाली जीव न्हाई म्हनले डाक्टर. पर तेवढं लिवू नगा, मॅडम."

ती का भ्याली, ते मॅडमना कळत होतं. दुखण्याचं कारण नोंदलं गेलं की आठ दिवसांत ते हटवायचं, असा सरकारी नियमच झाला होता. म्हणजे गाडी येणार, रणजितला सरकारी अपंग केंद्रात नेऊन ठेवणार. शेजारच्या गल्लीतला असाच एक गेला, चार महिन्यांत बोलायचा बंद झाला.

"विटाच लिवा. मी सोसते मरेस्तवर."

"मी कुठं लिहिते, बाई? पट्टाच लिहितो. संध्याकाळी सहाला सगळं आपोआप वरच्या ऑफिसला जातं."

वैजयंताबाई पाया पडायला वाकली आणि कळ येऊन तिथंच बसली. तिला सावरून मॅडम पुन्हा रेघ बघू लागल्या, काही वाट सापडते का म्हणून. एकदम थांबल्या.

"चौथ्या दिवसापासनं उचलताना चार किलो कमी होतायत. कोण हात लावतं?"

"कोन लावनार? आमी दोघंच."

"मग चार किलो पेलतंय कोण?"

बाईनं फोन लावला. "रणज्या, मी उचलते तवा तू काय करतूस?"

पलीकडनं रणजित हळू आवाजात बोलला. "डावा पाय रेटतोय, आई. खरंच हलतोय का मनाचा खेळ, मलाच ठावं न्हाई. तू लई कण्हतीस गं."

सहाला दहा मिनिटं होती. पाय हलत असेल तर रणजितला हटवायला नको, घरीच उपचार करता येतील, हे सांगायला मॅडमनी घाईघाईनं वरच्या ऑफिसला फोन लावला. घंटी वाजत राहिली. ते चार किलो ऐकून घेणारा कुणी माणूस तिथं होता, का तिथंही यंत्रच बसवलं होतं?