सातावर संपणारा आकडा

आखाडा बाळापूरच्या चौकात हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर अडकला होता. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर शेरोशायरी नव्हती; पिवळ्या रंगात लांबलचक आकडा होता — ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३५. मागं स्कूटीवर थांबलेली राजनंदिनी वाचता वाचता हसली. ज्युनिअर कॉलेजात ती गणित शिकवायची. आकडा ओळखीचाच, पण शेवटाला बिघडलेला!

ती पुढं ट्रॅक्टरवाल्याकडं गेली. "अहो, तुमचा आकडा चुकलाय."

"नंबर प्लेट बराबर हाय की, मॅडम."

"प्लेटचा न्हाई, फळीवरचा. शेवटी सात पाहिजे. पाच आला की पाचानं भाग जातो. मग मूळ संख्या कशी राहील?"

तो उडी मारून मागं पळाला. बघून कपाळावर हात मारला. "पेंटरनं घात केला! आन् मी मिरवून राहिलो..." मग एकदम तिच्याकडं वळला. "पण — तुमी ओळखलं?"

तो कुरुंद्याचा सोमेश्वर. नांदेडला गणितात एम.एस्सी. करून घरची हळद बघायचा. आठवड्यानं तो ट्रॉली घेऊन कॉलेजच्या फाटकाशी हजर. पाचाचा सात झाला होता.

मग उसाच्या रसावर गप्पा रंगू लागल्या.

"डावीकडून एकेक अंक खोडत जायचं," तो सांगायचा. "उरेल ते मूळच. पार शेवटच्या सातापर्यंत."

"आणि डावीकडं एखादा वाढवला तर?"

"कोन्ताच चालत न्हाई. असा हाच सगळ्यात मोठा."

बोलताना त्याची नजर तिच्या बटांवर रेंगाळायची... अन् ती उगीच ग्लासात बघायची.

माघात तिला पुण्याच्या इंजिनिअरचं स्थळ आलं. तिनं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "चांगलं हाय." त्यानंतर तो फिरकलाच नाही.

राजनंदिनी चिडली. एका दुपारी थेट कुरुंद्याला गेली. शेतात हळद शिजत होती. गरम, मातकट वासाच्या वाफेत तो उभा होता.

"काहून येऊन न्हाई राहिले?"

"काय येऊ? त्या आकड्याच्या जोडीला दुसरा अंक चालत न्हाई. माझंबी तसंच समजा."

"तो आकडा हाय, सोमेश्वर. तुमी माणूस हाव."

नुसतं नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं होतं. तो गडबडला. पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला.

"मला तुमी लय आवडता," तो म्हणाला. "पण इथं धूर हाय, उन्हातान्हातलं काम हाय... कॉलेज मात्र सोडायचं न्हाई. मी सोडू देणार न्हाई."

"पुण्याला कालच नकार कळवला."

"आँ? मला न इचारता?"

"नकार मला द्यायचा होता. तुमाला काहून इचारू?" ती हसली. "आई म्हणती, रविवारी त्या पोराला चहाला घेऊन ये."

सोमेश्वरनं आपले पिवळेजर्द पंजे बघितले. "रविवारपर्यंत ही हळद निघायची न्हाई हो..."

"राहू द्या," ती म्हणाली, आणि तिनंच त्याचा हात हातात घेतला.