शेवटची फट

वेलचेरीत चंद्रमौळीच्या घरी, त्या तिसऱ्या मजल्यावर, मंदार आला तो संगणक न्यायला. बाकी काही त्याच्या मनात नव्हतं. त्याने आणि चंद्रमौळीने मिळून गो, म्हणजे काळ्या-पांढऱ्या खड्यांनी पटावरची जागा वेढायचा खेळ, खेळणारा प्रोग्राम लिहायला घेतला होता. मोठ्या पटावर यंत्र भांबावतं, म्हणून नऊ रेघांचा लहान पट. आता तो प्रोग्राम स्पर्धेला पाठवायचा होता.

मौळी मात्र नव्हता. मागच्या वर्षी तळ्याचं पाणी रस्त्यावर चढलं, तेव्हा स्कूटर हलवायला म्हणून तो खाली उतरला. "अप्पा, डाव मोडू नका. आलोच," एवढं बोलून गेला. देह मिळालाच नाही. वर्षभर अंत्यविधीला नको नको म्हणणारे त्याचे वडील दत्ताजी अखेर हो म्हणाले होते. उद्या भटजी येणार, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा.

"नेशील रे मंदारा, बैस," दत्ताजी म्हणाले. "आधी तो यंत्राशी मांडलेला डाव पुरा करतो. अर्धा ठेवून अग्नी कसा देऊ?"

आतून तीळ निवडता निवडता मौळीची आई अंबुजाबाई बोलल्या, "पोर होतं तेव्हा दोन शब्द धड बोलला नाहीत. आता बोला त्याच्या संगणकाशी."

दत्ताजींनी अर्ध्या डावाचा लाकडी पट जपून पुढ्यात ओढला. रीत मौळीनेच लावलेली. यंत्राची चाल पडद्यावर दिसली की तिथे पांढरा खडा ठेवायचा, मग आपला काळा. बाहेर पाऊस लागून राहिला होता. दिवेलागणीची वेळ, आणि खालून साचल्या पाण्याचा वास हळूहळू जिना चढत होता.

होता होता डाव भरला. खेळण्यासारखं कुणालाच काही उरलं नाही. अशा वेळी दोघांनी आपापली चाल सोडायची, की डाव संपला. दत्ताजींनी सोडली.

यंत्र सोडेना. त्याने आपल्याच घरात, स्वतःच वेढलेल्या मोकळ्या जागेत, खडा ठेवला.

मंदार पुढे सरकला. "असं व्हायलाच नको, अप्पा. आपलं घर आपण बुजवायचं नाही, हा नियम मौळीनेच घातलाय त्यात."

दत्ताजींनी पुन्हा चाल सोडली. पडद्यावर पांढऱ्याने पुन्हा आपलंच घर बुजवलं. दत्ताजींनी खडा उचलण्याआधीच आवाज आला, टक्.

"मौळी तसाच ठेवायचा खडा... ऐकलास?"

"याला स्पीकर नाहीत, अप्पा," मंदार म्हणाला. पण त्याचा आवाज खाली गेला होता.

टक्... टक्... शेवटी पांढऱ्यापाशी एकच फट उरली. ती बुजवली तर त्याचे स्वतःचेच खडे कोंडून मेले असते, म्हणून ते त्याला नियमाने जमणार नव्हतं, आणि दुसरीकडे कुठे जागा नव्हती. दत्ताजींना कळलं. आता आपण चाल सोडली की त्यालाही सोडावीच लागेल. डाव संपेल, उद्या अग्नी. आणि त्या फटीत काळा ठेवला, तर पांढरे सगळे कोंडून मरतील, उचलले जातील, जागा मोकळी होईल. जागा मोकळी झाली की खेळ पुढे चालतो.

"सोडा, अप्पा... हे बरं नाही..."

दत्ताजी हलले नाहीत. मंदारला ते बघवेना. त्याने वायर उपसली. पडदा विझला.

"झालं. संपलं..."

दत्ताजींची नजर पटावरच होती. त्यांनी सावकाश काळा खडा उचलला आणि फटीत ठेवला. मग एकेक पांढरा काढून ओंजळीत घेऊ लागले. खडे खालून ओले होते. चिखलाचा वास येत होता त्यांना.

"अंबुजा," त्यांनी हाक दिली, "भटजींना उद्या येऊ नका म्हणून सांग."

आत तीळ निवडणं थांबलं.

टक्.

मंदारने धडपडत दिवा लावला. पटावर मोकळ्या झालेल्या जागेत, अगदी मधोमध, एक पांढरा खडा होता. पांढऱ्या खड्यांच्या डब्याचं झाकण बंद होतं. आणि दत्ताजींच्या दोन्ही हातांची ओंजळ मिटलेली, भरलेली.