उकंडाची फेरी

बसा जवळ. गावाची डीपी जळली आहे. आता सकाळपर्यंत बोरीत काही लाइट येत नाही, तेव्हा त्या पंख्याकडे पाहून उपयोग नाही. बादल, तू मघाशी म्हणालास की भुताच्या गोष्टी सगळ्या कोणाकडून तरी ऐकलेल्याच असतात. ही तशी नाही. ज्याच्यावर ही गुजरली त्या अश्वजितचा बाप आणि मी दारव्ह्याला एकाच शाळेत मास्तर होतो. पोरगा माझ्या डोळ्यांसमोर वाढला. भूतखेत आणि अंगात येणं त्याच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच उंबऱ्याबाहेर काढलं, ते त्या घरात पुन्हा कोणी घेतलं नाही. असल्या घरातला माणूस भुताची गोष्ट रचून सांगत नसतो.

साल दोन हजार सहा. कापसाला भाव नव्हता आणि खेड्यांत दिवसदिवस लाइट नसायची. अश्वजित तेव्हा यवतमाळात एका खाजगी कंपनीत होता. सरकारी हापिसांत जायचं, वीज कुठं फुकट जळते ते पाहायचं आणि ती वाचवायची कशी ते लिहून द्यायचं, हे त्याचं काम. ज्या गावांत लाइटच नव्हती तिथं वाचवायचं काय, हा प्रश्न कोणाला पडला नाही. डिसेंबरात वीज बचतीचा सप्ताह होता. ज्या हापिसानं सगळ्यात जास्त वाचवली त्याला यवतमाळात ढाल मिळणार होती.

मारेगावजवळ रस्त्यावरच कापूस खरेदीचं एक हापिस होतं. कोणतं ते विचारू नका. तिथले साहेब होते मुळावकर. बाहेर भिंतीवर भला मोठा फलक, ‘वीज वाचवा’, आणि तो लोकांना दिसावा म्हणून त्याच्यावर रात्रभर हॅलोजन. साहेबाच्या केबिनमध्ये उन्हाळ्यात एसी आणि थंडीत टेबलाखाली पाय शेकायला हीटर. तिथं बचत करायची नसते. बचत करायची ती बाबूंच्या पंख्यांत. आवारातला खांबावरचा दिवाही साहेबानं काढायला लावला होता. गाड्या घेऊन आलेले शेतकरी तिथं रात्र रात्र थांबायचे, त्यांनी दिवा मागितला तर म्हणाला, “कापूस पांढरा असते, अंधारातही दिसते.” आणि स्वतःच हसला.

अश्वजित तिथं पहिल्यांदा गेला तो उन्हाळ्यात. सगळं हापिस फिरून त्यानं फालतू दिवे कोणते ते काढले. मागच्या बाजूला एक लांब बोळ होती, तिच्या टोकाला कापसाच्या नमुन्यांची खोली. बोळीत एक ट्यूब रात्रभर जळायची. ती काढा, असं त्यानं सांगितलं.

तिथं रात्रीचा चौकीदार होता उकंडा. म्हातारा, एका पायानं अधू, रबरी चप्पल घासत चालायचा. तो हात जोडून म्हणाला, “साहेब, बोळीतला तेवढा एक राहू द्या. तिकडून सापकिडा निंगते.”

अश्वजित म्हणाला, “बाबा, साप काय लाइट पाहून पळते?”

मुळावकर खो खो हसला. अश्वजितही हसला. ट्यूब निघाली. वर साहेबानं उकंडाला दम दिला, “आजपासून रात्री फेरी मारायची. जे चालू दिसंल ते बंद करायचं. एकही चालू दिसलं तर तू घरी.”

म्हातारा फेरी मारू लागला. श्रावणात एका रात्री मुळावकर कुठूनसा जेवून जीपमधून परत चालला होता. रस्त्यावरून त्याला नमुन्यांच्या खोलीत बल्ब जळताना दिसला. घरी जाऊन त्यानं हापिसात फोन केला. झोपेतून उठवून म्हाताऱ्याला अंधाऱ्या बोळीतून पाठवलं. उकंडा गेला, बल्ब बंद करून आला आणि झोपला. येताना पायाला काही लागल्यासारखं त्याला वाटलं होतं. मण्यार होता. मण्यार चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. सकाळी बाबू लोक आले तेव्हा म्हाताऱ्याच्या पापण्या उघडत नव्हत्या, जीभ जड झाली होती. यवतमाळच्या दवाखान्यात पोचायच्या आत खेळ आटोपला.

मुळावकरानं शोकसभा घेतली. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, तेवढा वेळ त्यानं पंखे बंद ठेवायला लावले. बोळीत ट्यूब काही लागली नाही.

आणि त्या महिन्यापासून हापिसाची वीज उतरायला लागली. अशी उतरली की निम्म्याच्या खाली गेली. मुळावकर मिटिंगांमध्ये सांगत सुटला की मी माणसांना शिस्त लावली. पण यवतमाळच्या वरिष्ठांना ते पटेना. ढाल द्यायची आणि मागून मीटरमध्ये गडबड निघाली तर तोंड काळं व्हायचं. म्हणून त्यांनी अश्वजितला धाडलं, एकदा जाऊन खात्री कर.

तारीख होती वीस डिसेंबर, बुधवार. मार्गशीर्षातली अमावस्या.

अश्वजित गाडी काढून करंजीवरून मारेगावला पोचला तेव्हा चार वाजले होते. मीटर तपासलं. सील जागच्या जागी, मीटर खरं. मग त्याला एकच शंका राहिली. रात्री कोणी बाहेरच्या तारेवर आकडा टाकत असेल, म्हणजे वीज जळते पण मीटरमध्ये येत नाही. आकडा रात्रीच पडतो. तेव्हा रात्रभर थांबून पाहायचं त्यानं ठरवलं.

मुळावकर पाच वाजताच निघाला. जाताना म्हणाला, “थांबा, थांबा. खुशाल पाहा. आमच्या हापिसात शिस्त आहे, दुसरं काही नाही.”

नवा चौकीदार होता सेवादास. त्यानं अश्वजितला चहा आणून दिला, किल्ल्या दिल्या आणि अंगावर घोंगडी घेऊन आवाराकडे निघाला.

“कुठं चालला?” अश्वजितनं विचारलं.

“गाड्याईपाशी. मी आत नाई झोपत, साहेब.”

“काहून?”

सेवादासनं उंबऱ्याकडे पाय टाकला. मग म्हणाला, “तुमी काई चालू नका ठेवू. सगळं बंद करून तुमीबी चाला बाहेर. शेकोटी हाये.”

“चालू ठेवलं तर काय होते?”

“तो बंद करते.”

“कोण तो?”

सेवादास उंबऱ्यापलीकडे गेला होता. तिथूनच बोलला, “आमी सकाळी येतो तं सगळे बटनं बंद असते, साहेब. साहेबाचा हीटर बी. बाहेरचा तो मोठा लाइट बी. कोणी हात नाई लावत.”

अश्वजितला त्या माणसाची कीव आली, मग राग आला. या लोकांना काही शिकवून उपयोग नाही, असं तो मनात म्हणाला. असले सेवादास त्यानं दर हापिसात पाहिले होते. पंखा चालू ठेवून घरी जायचं आणि बंद झाला की भुतानं केला म्हणायचं. त्यानं मुद्दाम सगळं चालू केलं. हॉलमधल्या ट्यूबा, साहेबाची केबिन, तिथला हीटर, एक कॉम्प्युटर, मागचा नमुन्यांच्या खोलीतला बल्ब. दार आतून लावलं आणि हॉलच्या खिडकीशी खुर्ची ओढून तारेवर नजर ठेवून बसला. बाहेर शेकोटीजवळ माणसं खोकत होती, बैल मधूनच माना हलवत होते.

बारा वाजून गेले. शेकोटी विझत आली. आकडा टाकायला कोणी आलं नाही.

मागं कुठंतरी बटन वाजलं. टक्.

अश्वजितनं मान वळवली. बोळीच्या टोकाला उजेडाची एक चौकट पडलेली होती, ती दिसेना. बल्ब उडाला असेल, असं त्याला वाटलं. बॅटरी घेऊन तो बोळीतून गेला. बटन बंद होतं. त्यानं ते दाबलं. बल्ब लागला.

तो परत आला. खुर्चीत बसतो न बसतो तोच... टक्.

“सेवादास,” त्यानं हाक मारली, “नाटकं पुरे झाले. बाहेर ये.”

 बोळीतून आवाज यायला लागला. चप्पल घासल्याचा. एक पाऊल पडे, दुसरं ओढलं जाई.

अश्वजित हसला. हसला म्हणजे, त्यानं मला तसं सांगितलं. उकंडाची नक्कल करून मला घाबरवतात, उद्या एकेकाला सरळ करतो, असं म्हणून त्यानं बॅटरीचा झोत बोळीत टाकला.

बोळ रिकामी होती.

चप्पल घासतच होती. झोताच्या मधून येत होती... आणि दिसत काही नव्हतं.

टक्. केबिनमधला दिवा गेला.

टक्. हीटरची लाल तार काळी पडली.

बाहेर भिंतीवरचा हॅलोजन गेला. आवार अंधारलं.

आता हॉल. दाराजवळची ट्यूब. टक्. तिच्या पुढची. टक्. अंधार एकेक ट्यूब करत त्याच्याकडे येत होता. घाई नव्हती. म्हातारा माणूस रोजचं काम करतो तसं... मधेच थांबून दम घ्यायचा, मग पुढचं बटन.

अश्वजित उठायला गेला. मागं खिडकीचे गज, पुढं अंधार.

शेवटची ट्यूब गेली. कॉम्प्युटरचा उजेड उरला. तोही गेला. खालच्या यूपीएसच्या डब्यानं एकदा पीं केलं... ते अर्ध्यातच तुटलं.

हातात बॅटरी होती. त्याच्या अंगठ्याखालचं बटन आपोआप मागं सरकलं. त्यानं जोर लावून धरलं होतं. तरी सरकलं.

खिशात मोबाइल होता. तो बंद होतानाची धून वाजली. अख्ख्या हापिसात तेवढीच.

मग... काही नाही.

चप्पल त्याच्या खुर्चीसमोर येऊन थांबली होती. जात नव्हती. सगळं बंद झालं होतं, तरी जात नव्हती. कोणीतरी कान देऊन ऐकत होतं. अजून काय चालू राह्यलं...

तेव्हा अश्वजितला ऐकू आलं. स्वतःचं काळीज. धड धड... धड धड...

‘काय काका’ म्हणू नका मधे. ऐका.

छातीला बोटं लागली. वाळलेली, थंड. अंधारात भिंतीवर बोर्ड चाचपतो ना माणूस, तशी. खिशावरून गेली. बरगडीवरून गेली. डावीकडं सरकली... थांबली.

सापडलं होतं.

अंगठा टेकला. दाबला.

एक ठोका पडलाच नाही.

 छाती आत आत चालली होती. त्यातून त्यानं कसंबसं म्हटलं, आणि तेच का सुचलं हे त्याला आजही सांगता येत नाही...

“बाबा... हे माझं हाये. सरकारचं नाई.”

अंगठा तसाच.

“माझं हाये, बाबा... चुकलो मी...”

खूप वेळ गेला, का क्षणभर, त्याला ठाऊक नाही. मग दाब निघाला. काळजानं एक गचका खाल्ला आणि चालू झालं. समोरून एक सुस्कारा आला, काम चुकलं तर म्हातारं माणूस टाकतं तसा. चप्पल वळली. घासत घासत बोळीकडे गेली.

सकाळी सेवादास आणि गाडीवाल्यांनी दार तोडलं. अश्वजित खुर्चीतच होता. डोळे उघडे.  सेवादासनं आपली घोंगडी त्याच्यावर पांघरली.

वर्षा विचारते आहे की मुळावकराचं काय झालं. काय होणार? मीटर खरं, आकडा नाही, वीज खरोखरच वाचली. अश्वजितला तसंच लिहून द्यावं लागलं. मुळावकराला ढाल मिळाली. पेपरात फोटो आला, शालीवरचं ते हसणारं तोंड मी पाहिलं. त्याच्याच आधी अश्वजित त्याला भेटायला गेला होता. म्हणाला, बोळीत ट्यूब लावा, माझ्या पैशानं लावतो. मुळावकर म्हणाला, “टक्केवारी बिघडंल ना भाऊ.” पुढं बढती घेऊन तो नागपूरला गेला. तुम्ही म्हणाल, उकंडानं त्याला का सोडलं? तो गडी कधी पाचाच्या पुढं हापिसात थांबलाच नाही. आणि मला विचाराल तर असल्यांच्या अंगाला हात लावायची भुतालाही किळस येत असेल.

अश्वजितनं ती नोकरी सोडली. आता यवतमाळात जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. दोन वर्षांमागं ऐन मे महिन्यात त्याच्या पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. मांडवात पंखे होते पण हवा आगीची. जेवणावळीत वाढून वाढून त्याचा पांढरा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. पाठ भिजलेली, बाह्या भिजलेल्या, पोटावरून पाणी चाललेलं. डाव्या छातीवर मात्र अंगठ्याएवढा एक गोल... कडक कोरडा. जसा इस्त्रीवाल्यानं दिला तसा.

मी पाहतो आहे हे त्यानं पाहिलं.  माझा हात घेतला आणि तिथं ठेवला.

त्या गोलाखाली मला काही लागलं नाही, पोरांनो. बोटभर बाजूला सरकवला, तेव्हा ठोके लागले.