सोळा थरांची चळत

शेवटच्या साध्या दिवशी, मंगळवारी, शर्वाणीने सकाळी साडेआठला आईच्या चहात बिस्किट कुस्करलं आणि चमच्याने भरवता भरवता विचारलं, "आज रजा टाकू का? चेहरा उतरलाय तुझा."

डॉ. कुमुदिनी शिराळकरांनी लेकीकडे पाहिलं. गळ्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या पट्ट्यांवरचे दिवे लुकलुकले. मांडीवरच्या वाचापेटीतून त्यांचाच, आजारापूर्वी नोंदवून ठेवलेला आवाज आला, "असू दे."

"असू दे म्हणजे काय? टाकू की नको?"

"असू दे" एवढंच सांगून पेटी गप्प झाली होती. आईने ओठांनी चमचा दूर सारला.

"हल्ली तुझं सगळंच असू दे," शर्वाणी म्हणाली, कप विसळला आणि निघाली. दुपारी पावणेचारला, ती कामावर एका चाचणीत गुंतलेली असताना, आईजवळ बसणाऱ्या कांताबाईंचा फोन आला. रेल्वेचं फाटक बंद होतं. ते उघडल्यावर ती घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तीन आठवड्यांनी ती मिरजेच्या वाचासंशोधन केंद्रात परतली. घरी बसवत नव्हतं आणि इथेही बसवत नव्हतं. ती खिडकीपाशी जाई, परत येई, पुसलेलं टेबल पुन्हा पुशी. आईची पेटी दुसऱ्या रुग्णाला द्यायची म्हणून हबीब मुजावरने उघडायला घेतली होती. तो आईचा जुना विद्यार्थी, शर्वाणीच्या बरोबरीचा.

"शर्वाणीताई, जरा बघता का इकडं?" त्याचा आवाज उगाचच हळू होता. "बाईंच्या पेटीत चळत किती थरांची ठेवलीय बघा."

पडद्यावर आकडा होता, सोळा.

शर्वाणी उभीच राहिली. सोळा हा चाचणीचा आकडा होता. रुग्णाच्या पेटीत पाचशे बारा हवेत.

वाचापेटीत एक उलगडक असतो. गळ्याच्या नसांतल्या हालचाली ओळखून त्यांचं वाक्य बांधणारी ही आज्ञावली कुमुदिनीबाईंनीच लिहिली होती. त्या वर्गात सांगायच्या, "वाक्यात वाक्य आलं की बाहेरचं अर्धं वाक्य बाजूला ठेवावं लागतं. त्याच्यावर पुढचं. ताटांची चळत रचतो तशी. आतलं पूर्ण झालं की वरचं ताट उचलायचं. पण फडताळाला उंची असते. ताटं छताला टेकली की थांबायचं, नाहीतर फडताळच कोसळतं." दुसरी मर्यादा ओळखण्याची. नसेची एक हालचाल तीन शब्दांची असू शकते. उलगडक त्यातला एक धरतो, पुढे जातो, जमलं नाही तर मागे येऊन दुसरा धरतो. या मागे-पुढे जाण्यात प्रयत्न लाखांवर जातात आणि पेटी तासभर मुकी बसते. म्हणून प्रयत्नांनाही मर्यादा.

यापैकी कुठलीही मर्यादा ओलांडली की पेटीने काय बोलायचं, यावर एकदा बैठक झाली होती. कोणी म्हणालं, गप्प राहावं. कोणी म्हणालं, 'पुन्हा बोला' म्हणावं. कुमुदिनीबाई तेव्हा धडधाकट होत्या. त्या म्हणाल्या, "माणूस बोलता बोलता अडकला की काय म्हणतो? असू दे म्हणतो. तेच ठेवा."

"अकरा दिवसांत बांधली मी पेटी," शर्वाणी म्हणाली. "चळत भरली तर पेटी कोसळत नाही ना, हे बघायला सोळा ठेवले होते. मग..."

"मग तीच बांधणी बाईंना बसवली." हबीबने वाक्य पूर्ण केलं आणि केलं याचं त्यालाच वाईट वाटलं.

एका पोटवाक्याला चार-पाच थर लागतात. आणि आईचं बोलणं म्हणजे जी-ती, जेव्हा-तेव्हा, एकात एक तीन पोटवाक्यं, शेवटी क्रियापद बरोबर जागेवर. पेटी आल्यावर ती तुटक बोलू लागली होती. शर्वाणीला वाटलं होतं, आजार. नंतर वाटलं, राग.

"मंगळवारचं 'असू दे' पेटीचं की तिचं?" तिने विचारलं. "मी रजेचं विचारलं होतं, हबीब. ती 'थांब' म्हणत असेल आणि..."

"कळेल. चाचणीच्या बांधणीत नोंद चालू असते. नेहमीच्यात बंद असते."

म्हणजे ज्या चुकीने आईला अडवलं, तिनेच आईचं बोलणं जपूनही ठेवलं होतं. हबीबने मर्यादा पाचशे बारावर नेली आणि पहिल्या दिवसाच्या नोंदी उलगडकात घातल्या. त्या दिवशी चळत सात वेळा भरली होती. पेटीतून आईचा आवाज आला, जुना, लांब श्वासाचा.

"शर्वाणी, चाचणीसाठी जी सोळा थरांची मर्यादा आपण ठेवतो, ती, तू ही पेटी घाईने बांधलीस तेव्हा, बदलायची राहिली असावी, कारण मी जे बोलते त्याचं क्रियापद येण्याआधीच ही थांबते."

चूक सांगणारं वाक्यच त्या चुकीत अडकलं होतं. शर्वाणीला आठवलं. पहिल्याच दिवशी पेटी "असू दे" म्हणाली होती आणि ती हसून म्हणाली होती, "बघ, बोलायला लागलीस."

"पण नंतर तिने एका शब्दात का नाही सांगितलं? 'सोळा' म्हटलं असतं तरी कळलं असतं मला."

हबीब पुढची नोंद बघत होता. "ही दुपारची आहे. मी भेटायला आलो होतो तेव्हाची."

"हबीब, हिला सांगितलं तर, जी चूक कबूल करणं हिला शाळेपासून जमलेलं नाही ती कबूल करून एक आकडा बदलण्याऐवजी, ही सगळी पेटी पुन्हा बांधायला घेईल, आणि नव्या बांधणीला माझ्या नसांची ओळख होईपर्यंत जे सहा आठवडे मी मुकी राहीन, तेवढे माझ्याकडे आहेत की नाहीत हे डॉक्टरही सांगत नाहीत, म्हणून मी आता सोळात बसेल तेवढंच बोलणार आहे."

"मला फक्त 'असू दे' ऐकू आलं होतं," हबीब म्हणाला. "चहा पिऊन गेलो मी."

पुढच्या नव्वद दिवसांत चळत एकदाही भरली नव्हती. बारा थर, चौदा, पंधरा. पंधरा कितीतरी वेळा. ज्या बाईने उलगडक लिहिला, ती प्रत्येक वाक्य मनात मोजून, एक थर शिल्लक ठेवून बोलत होती.

राहिली शेवटची नोंद, मंगळवार सकाळची. थरांच्या रकान्यात दोन होते. म्हणजे चळत भरली नव्हती, पण हबीबने मान हलवली. "प्रयत्न बघायचेत अजून. चाचणीत त्यांची मर्यादा हजारच असते. सोमवारी 'पाणी' म्हणायला नऊशे चाळीस लागलेत. नसा थकल्या होत्या त्यांच्या. मंगळवारी हजार झाले असतील, तर पेटीच बोलली."

"सरकव रकाना."

त्याने सरकवला. आकडा होता, एक.

हबीब म्हणाला, "पहिल्याच फटक्यात जुळलंय. निरोगी माणसाचंही असं क्वचित येतं. सगळा जोर गोळा करून म्हटलंय त्यांनी. पेटीचं नाही हे, ताई. बाईंचं आहे."

रजा नको, जा, असं आईनेच सांगितलं होतं, आणि ते कळावं म्हणून उरलंसुरलं बळ वापरलं होतं. त्यावर शर्वाणीने कप विसळला होता.

हबीब चष्मा पुसायला लागला आणि पुसतच राहिला. शर्वाणीने पेटी स्वतःपुढे ओढली. पेटीला कान नव्हते, फक्त गळ्याच्या पट्ट्या होत्या, आणि त्या गुंडाळून शेजारी ठेवलेल्या होत्या. दहावीत गणित चुकलं तेव्हा शर्वाणीने प्रश्नपत्रिका छापणाऱ्याला दोष दिला होता. नंतरही दर वेळी कोणी ना कोणी सापडलं होतं.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "सोळा माझ्याकडून राहिले. चुकलं माझं."