वीतभर कोरी जागा

वेदिकाचं लग्न ठरलं ते दोन हजार तेवीस साल. त्याच वर्षी तिच्या वडिलांनी, रविंद्रने, मिहानजवळ प्रशस्त घर बांधलं. आणि वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी त्याची विधवा वहिनी गोपिका दिवाणखान्यातल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"भैरवी, एवढी जागा राहू दे वं!"

हा पोरका दीर वाढवायचा म्हणून गोपिकेनं दुसरं लग्न केलं नव्हतं. त्याच्या बायकोला, भैरवीला, नव्या घरात सारं नैसर्गिक हवं होतं... दगडी फरशी, बांबूचं छत, मातीची भिंत! कारागिरांची माती तीनदा तडकली. शेवटी गोपिकेनंच शेण, माती, भुसा तुडवून, बोटांच्या कमानी उठवत भिंत सारवली, आणि गावच्या रीतीनं वीतभर जागा कोरी सोडली.

"ताई, फोटोत टक्कल दिसून राहिलं ना ते!"

"भित पुरी झाली का सारवणारीचं आयुष्य बी पुरं होते, म्हणतात."

भैरवी हसली. रंगाऱ्याने थापीनं ती जागा लिंपली.

"बाहेरून कलाकार बोलावला होता," वास्तुशांतीला तिनं पाहुण्यांना सांगितलं. रविंद्र गप्प राहिला... ते मौन आतल्या खोलीत गोपिकेच्या काळजात रुतलं.

मे उजाडला. सारी भिंत खडखडीत वाळली, पण ती वीत ओलीच! एका दुपारी तिच्यावर बोटांच्या कमानी दिसल्या. थापीनं लिंपलेल्या मातीवर बोटं कुणाची? भैरवीनं तळवा टेकवला. माती बर्फासारखी गार होती, आणि हलकेच वर-खाली होत होती... श्वास घेतल्यासारखी!

ती किंचाळत आत धावली, गोपिकेचा हात धरला. तोही तसाच गार!

"ताई, खोटं बोलली मी... माफ करा!"

रविंद्र पटाशी घेऊन आला. "खरडून काढतो, माय!"

माय! चाळीस वर्षांत पहिल्यांदा...

"नको गा, बाबू," गोपिकेचे डोळे झरू लागले. "लग्नघरची भित उकरत नसतात. पोरीले अपशकुन होते. माहं काय, मले तं मिळालं सारं."

"पण तुले काही झालं तं?"

"ठेव ते खाली!"

हळदीच्या दिवशी भरल्या मांडवात रविंद्रने गोपिकेचा गार हात उंच धरून सांगितलं, "भित माह्या मायनं सारवली!" भैरवीनं सर्वांदेखत पाय धरले.

वेदिकाचं लग्न सोमवारी झालं. दुसऱ्या दिवशी, तेवीस मे रोजी सकाळी, गोपिकाबाई वारल्या.