शेंदराखालचे हात

"हलू नकोस रे शिदू! पट्टा वाकडा आला तर वाघाऐवजी झेब्रा होशील!"

रतनने कोळशात बुडवलेले बोट शिदूच्या पिवळ्या पाठीवरून ओढले आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. चंपालाही हसू फुटले. शिदू मात्र हसला नाही. एरवी गुदगुल्या होतात म्हणून अख्खे रान डोक्यावर घेणारा हा पोरगा आज मान खाली घालून उभा होता.

१९६९ सालच्या दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. चंपा आणि रतन ही लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतीतली भावंडे. त्यांचे वडील श्रीपती इंजिनांच्या शेडमध्ये कामाला होते. शिदू चंपाच्या वर्गातला, तुंगार्लीच्या तलावाच्या वर डोंगरात जी वाडी आहे तिथला. आज वाघबारस. वाडीच्या वेशीवर दगडात कोरलेला, गुडघाभर उंचीचा वाघोबा बसला होता. आज त्याला नवा शेंदूर लावायचा, सगळ्या घरांचे दूध एकत्र करून खीर शिजवायची आणि एका पोराने वाघ होऊन पळायचे! बाकीच्यांनी आरोळ्या ठोकत त्याच्यामागे धावायचे. वाघ सापडल्याशिवाय खिरीला हात लावायचा नाही, आणि आज वाघाला कुणाचेच दार बंद नाही, असा इथला रिवाज. यंदाचा वाघ होता शिदू.

"काय झालं रे?" चंपाने विचारले.

"आबा कालपास्नं जेवला न्हाई," शिदू म्हणाला. "म्हनतो, देव हितं न्हाई. देव गेला! लोक म्हनत्यात, म्हातारा भ्रमला. आज शेंदूर त्याला लावू द्यायचा न्हाई असं ठरवलंय. साठ वर्सं झाली, आबाच लावतो. आता तो उठतच न्हाई गं. त्याला वाटतं, त्याच्याच हातनं कायतरी चुकलं, म्हनून देव गेला."

शिदूचे आजोबा, सावळा आबा, वाघोबासमोरच गुडघ्यांत डोके घालून बसले होते. चंपाने त्यांच्याकडे पाहिले आणि रतनची बाही ओढली.

"रतन," ती हळूच म्हणाली, "आज काम आहे आपल्याला."

आता इथे एक गुपित सांगितलेच पाहिजे. ही तिघे साधीसुधी पोरे नव्हती. चंपाने एखाद्या वस्तूवर हात ठेवला की त्या वस्तूला आधी लागलेले हात तिला जाणवत. शिदूला पाखरांच्या डोळ्यांतून दिसे, पण तेवढा वेळ त्याचे स्वतःचे शरीर पोत्यासारखे पडून राही. आणि रतनला तोंड न उघडता दुसऱ्याच्या मनात बोलता येई. हात धरले की एकाला दिसलेले तो दुसऱ्यालाही दाखवी. मोबदल्यात त्याला सणसणीत उचक्या लागत! हे सगळे कुठून आले ते देवाला ठाऊक. त्यांना स्वतःलाही त्याची थोडी भीतीच वाटे. पण हरवलेली दप्तरे, चोरलेल्या सायकली यांचा छडा लावून तिघांचे हेर पथक चांगले तयार झाले होते. घरी मात्र कुणाला पत्ता नव्हता.

चंपा वाघोबापाशी गेली. शेंदराने माखलेला दगड उन्हात लालभडक दिसत होता. तिने तळवा टेकवला.

आणि ती दचकली! लोणावळा स्टेशनावरच्या बाकाला हात लावला तरी तिला शंभर माणसांची लगबग जाणवायची. इथे जवळजवळ काहीच नव्हते! एक पाथरवट शीळ घालत छिन्नी मारत होता. मग आला एक मऊ हात, बोटात हिरव्या खड्याची अंगठी घातलेला. त्या हाताने दगडाला शाबासकी दिली. मग गवताने भरलेले खोके, एक हिरवे फाटक... बस्स.

तिने हात काढला. नखाला शेंदराचा पापुद्रा लागून आला, आणि खाली दिसला कोरा करकरीत दगड!

"आबा बरोबर सांगतायत," ती कुजबुजली. "हा वाघोबा नाहीच! कुणीतरी हुबेहूब दुसरा आणून ठेवलाय!" पापुद्रा तिने रुमालात बांधून घेतला.

शिदूचे डोळे विस्फारले. "पावसाळ्यात एक सायेब आलावता! फोटू काढले, फूटपट्टीनं मापं घेतली. मीच धरली हुती की फूटपट्टी!"

"वा रे वाघा!" रतन म्हणाला. "आता वर बघ. घार आहे का एखादी?"

घार होती. शिदू आडवा झाला, त्याचे डोळे स्थिर झाले. रतनने एका हाताने त्याला आणि दुसऱ्याने चंपाला धरले. पुढच्याच क्षणी जमीन सुटली!

खाली सगळा मावळ पसरला होता. पिवळी पडलेली भातखाचरे, लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी, घाटात वळण घेत उतरणारा रेल्वेचा रूळ आणि त्यावर मुंगीएवढे इंजिन. त्या इंजिनाला घासूनपुसून लख्ख करणारे आपले वडील तिथेच कुठेतरी असतील, असे तिला वाटले आणि उगाचच डोळ्यांत पाणी आले. इतके मोठे आणि इतके सुंदर आपण रोज पायाखाली घालतो! ती क्षणभर हेरगिरी विसरूनच गेली.

घार वळली. तुंगार्लीचा तलाव, काठचे बंगले, आणि एक हिरवे फाटक! आत टेम्पो उभा होता. दोन माणसे एक खोके चढवून वर ताडपत्री टाकत होती. तिसरा माणूस हात नाचवून घाई करत होता. त्याच्या बोटात काहीतरी हिरवे चमकले.

"निघालेच ते! उक्! मुंबईत विकला गेला की, उक्, संपलंच!" रतनच्या उचक्या सुरू झाल्या होत्या.

तिघेही धावत सुटले ते थेट हवालदार भिकाजींकडे. हवालदारसाहेब दरवर्षी बंदोबस्ताच्या नावाखाली खिरीला येत. आताही ते चुलीजवळ बैठक मारून होते. चंपाने एका दमात सगळे सांगितले, फक्त घारीचे तेवढे गाळले. हवालदारांनी मान वळवून वाघोबाकडे पाहिले.

"देव जागेवर आहे, खीर चुलीवर आहे. तक्रार कसली? पळा, खेळा जा!"

झाले! मोठी माणसे ही अशी! रतनने पाय आपटला. आणि चंपाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"खेळायलाच सांगतायत ना? मग खेळू या की! शिदू, आज वाघाला कुणाचं दार बंद नाही ना?"

शिदूने तिच्याकडे पाहिले. रंगवलेल्या मिशांखाली त्याचे दात चमकले.

"डुर्रर्र!"

वाघाने झेप घेतली! "वाघ आला! वाघ आला!" पोरे ओरडली, गडी उठले, बाया पदर खोचून निघाल्या. दरवर्षी वाघ रानात पळायचा. यंदाचा वाघ निघाला उतारावरून, थेट तुंगार्लीकडे!

"आरं, ह्यो कुटं निघाला?" कुणीतरी ओरडले.

"वाघाला विचारा!" रतन पळता पळता म्हणाला. मागे धापा टाकत हवालदार भिकाजीही होते. वाघ सापडल्याशिवाय खीर मिळणार नव्हती ना!

हिरवे फाटक दिसले तेव्हा टेम्पोचे इंजिन घरघरत होते. शिदू अजून बराच लांब होता. रतन थांबला, त्याने डोळे मिटले. 'अरे बाबा, मागचं चाक बघ!' टेम्पोवाल्याच्या मनात आवाज घुमला. तो बिचारा चटकन खाली उतरला, चाकाला लाथ मारून पाहिली आणि कोण बोलले म्हणून डोके खाजवत बसला. तेवढ्यात वाघ फाटकावरून उडी मारून ताडपत्रीखाली शिरला!

मागोमाग अख्खी वाडी आत घुसली.

"बाहेर व्हा! खासगी जागा आहे ही!" अंगठीवाले साहेब किंचाळले. पावसाळ्यात मापे घेऊन गेलेले तेच हे दिघेसाहेब.

"आज वाघाला दार बंद न्हाई, सायेब!" म्हातारी पुतळाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ओढा रं त्याला!"

गड्यांनी वाघाचे पाय ओढले. वाघाने खोक्याला मिठी मारली. आणखी ओढले. वाघ, ताडपत्री, खोके सगळेच धाडकन खाली आले! फळ्या निखळल्या, गवत उधळले, आणि त्यातून घरंगळत बाहेर आला वाघोबा.

गड्यांच्या हातातून वाघाचे पाय सुटले.

"हा... हा माझा आहे. मुंबईहून आणलाय," दिघेसाहेब घाम पुसत म्हणाले. "तुमचा तर वर आहे की! जाऊन बघा!"

"खरंच की," हवालदार म्हणाले. "देव जागेवर आहे, मी पाहिलाय."

चंपा पुढे आली. पडताना वाघोबाच्या पाठीवरून शेंदराची एक खपली उडाली होती. ती तिने उचलली आणि रुमालातला पापुद्रा शेजारी धरला.

"हवालदारकाका, हे बघा! ही खपली किती जाड आहे! कांद्यासारखे थर आहेत हिच्यात. दर वाघबारशीला एक. आणि हा वरच्या वाघोबाचा पापुद्रा. एकच थर, आणि खाली कोरा दगड! साहेबांनी देव अगदी हुबेहूब केला, पण आबांची वर्षं कुठून आणणार?"

हवालदारांनी खपली उन्हात धरली. मग ते दिघ्यांकडे वळले, आणि त्यांचा खिरीचा चेहरा जाऊन तिथे पोलिसाचा चेहरा आला. "साहेब, चौकीवर चला."

सावळा आबा काठी टेकत सगळ्यांच्या मागून पोचले. वाघोबाजवळ ते मटकन बसले. "खरंच त्योच हाय का गं पोरी?"

चंपाने दगडावर हात ठेवला.

हात! किती हात! आबांचे म्हातारे हात, त्यांचेच तरणे हात, त्यांच्या बापाचे, त्याच्याही बापाचे. गुराख्यांचे चिखलाचे हात, वासरू वाघाच्या तावडीतून वाचले म्हणून थरथरणारे बाईचे हात, कडेवरून वाकून थापटणारे इवलेसे तळवे. थरामागून थर. शेकडो वर्षे माणसे इथे आली होती आणि आपले भय, आपला आनंद या दगडापाशी ठेवून गेली होती. आणि त्या गर्दीत एक हात वेगळाच होता. तिन्हीसांजेला, चोरून, क्षणभरच टेकलेला. त्याची करंगळी बाहेर वळलेली होती.

अगदी चंपाच्या करंगळीसारखी! तिच्या आजीचीही तशीच होती.

रतनने न सांगताच तिचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने आबांचा. आबा पुढे वाकले. "बा..." ते पुटपुटले. "माजा बा..." आणि मग ते लहान पोरासारखे रडू लागले. रतनच्या उचक्यांकडे तेव्हा कुणाचेच लक्ष नव्हते.

वाघोबा वाजतगाजत वर गेला आणि नकली दगड हलवून आपल्या जागी बसला. लोकांनी शेंदराची वाटी आबांच्या हातात दिली आणि माना खाली घातल्या. हवालदारांनी शिदूच्या रंगवलेल्या पाठीवर थाप मारली, तळहात पिवळा करून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सकाळी मी ऐकलं नाही, चूक माझी. पोरांनो, शाबास! पण तुम्हाला कळलं तरी कसं?"

"घारीनं सांगितलं!" रतन म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले.

आबा हसले नाहीत. शेंदूर लावून झाला तशी त्यांनी चंपाला जवळ बोलावले आणि तिची करंगळी निरखून पाहिली.

"मी ल्हान हुतो तवा एक बाई दिवस मावळताना यायची," ते हळू म्हणाले. "देव बाटंल म्हनून तिला हात लावू देत नव्हते आमचे लोक. तिची बी करंगळी अशीच हुती. माज्या बानं तिला हाकललीवती. मी बगितलं हुतं." त्यांनी खिरीचे ताट बाजूला सारले. "ये. आज तू पयला हात लाव."

चंपा घुटमळली. "आबा, आम्ही बौद्ध आहोत. आम्ही देव मानत नाही."

"देव नगं मानू, पोरी. हात तेवढा लाव. उजेडात लाव."

ऊन अजून लख्ख होते. सगळी वाडी बघत होती. चंपाने ओल्या शेंदरावर तळवा ठेवला, करंगळीसकट, आणि पुरता दाबला. मग आबांनी खिरीचा पहिला घास घेतला.